आठशे नॅनोमीटरवरचा नरक्या

कोयनानगरहून वर चढलं की पाच हजार मिलिमीटरच्या आसपासच्या पावसावर पोसलेल्या रानात नरक्या भेटतो. झाड फार मोठं होत नाही. थोरल्या झाडांच्या सावलीत, ओलाव्याला धरून वाढतं. त्याच्या फुलांचा वास असा, की जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी नावातच दुर्गंधी कोंबून ठेवली: मॅपिया फीटिडा. आता त्याला नोथापोडायटिस निमोनियाना म्हणतात. यातला निमो म्हणजे ग्रॅहमची मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची अर्धवट राहिलेली यादी १८३९ साली पुरी करणारा गृहस्थ. सातारा, कोल्हापूर, सिंधुदुर्ग या पट्ट्यात नरक्याच्या चोरट्या तोडीच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. पोती पकडली, टेम्पो अडवला, एवढंच त्यांत असतं. ज्याच्यासाठी ही कुऱ्हाड चालते तो पदार्थ सुक्या लाकडात बहुधा शेकडा एकाहूनही कमी असतो. त्याचं नाव कॅम्प्टोथेसिन. टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधं त्याच्याच सांगाड्यावर बेतलेली आहेत.

या पदार्थाचा एक देखणा गुण आहे. अर्काचा थेंब पातळ थराच्या पट्टीवर चढवला आणि अंधारात अतिनील दिव्याखाली धरला, की कॅम्प्टोथेसिनचा ठिपका निळा उजळतो. ३७० नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड तो गिळतो आणि ४३० च्या आसपासचा परत देतो. झाडाच्या अर्कातून नेमका हाच पदार्थ शोधणाऱ्याला याहून सोयीची खूण नको. पण हाच पदार्थ जिवंत पेशींवर घालून त्यांच्या आत काय घडलं ते चमकणाऱ्या रंगांनी मोजायला बसलं, तर हे निळेपण आडवं येतं. शिवाय पेशी स्वतःही निळ्या-हिरव्या पट्ट्यात थोड्या उजळतातच. मग आपण ऐकतो आहोत तो आवाज कोणाचा: औषधाचा, पेशीचा, की ज्या प्रोटीनची चौकशी चालली आहे त्याचा?

या अडचणीतून निघालेली एक रचना मला फार आवडते. रचना म्हणजे एक चित्र: ९६ खळग्यांच्या प्लॅस्टिकच्या प्लेटचं, निकट-अवरक्त उजेडात घेतलेलं, दोन रंगांतलं. कविता वाचताना शब्दांची निवड, गाळलेले शब्द आणि मुद्दाम सोडलेल्या जागा पाहतो, तशाच नजरेने ही प्लेट वाचता येते. तिच्यात निवड आहे, गाळणी आहे आणि मोकळ्या जागाही आहेत. अर्थाचा बराच भाग त्या मोकळ्या जागांत आहे.

चित्राआधी त्यातल्या पात्रांची ओळख हवी.

कॅम्प्टोथेसिन पहिल्यांदा सापडलं ते कॅम्प्टोथेका या चिनी झाडात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी ते वेगळं काढलं आणि १९६६ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. हे वाणी आपल्या नंदुरबारचे. १९२५ साली तिथे जन्मले, मुंबई विद्यापीठात शिकले, इंडियाना विद्यापीठातून डॉक्टरेट करून १९६२ मध्ये वॉल यांच्याकडे रुजू झाले. पाच वर्षांनी, १९७१ साली याच जोडीने टॅक्सॉलची रचनाही जाहीर केली. एका माणसाच्या हातून कर्करोगावरची दोन मोठी औषधकुळं निघावीत आणि त्याच्याच खानदेशात त्याचं नाव फारसं कोणी घेऊ नये, याला काय म्हणावं! पुढे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी हेच द्रव्य नरक्यात असल्याचं दाखवलं. गोविंदाचारी त्या काळात गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे संचालक होते. म्हणजे नरक्याच्या नशिबाचा निकाल मुंबईच्या एका उपनगरात लागला.

तोवर हे द्रव्य पेशीत नेमकं काय करतं ते कोणाला माहीत नव्हतं. सत्तरीच्या सुरुवातीला त्याचा विरघळणारा क्षार रुग्णांना देऊन पाहिला. त्या रूपात रेणूतलं एक वलय उघडलेलं असतं, त्यामुळे गुण कमी आणि त्रास फार झाला. प्रयोग थांबले. अमेरिकेत लेरॉय लिऊ यांच्या गटाने १९८५ साली खरा धागा पकडला: कॅम्प्टोथेसिन टोपोआयसोमरेज-१ नावाच्या प्रोटीनला धरतं. डीएनएची प्रत काढताना त्याच्या दोन सरींना पीळ बसत जातो. हे प्रोटीन एका सरीला छेद देतं, पीळ सोडतं आणि छेद पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन येऊन बसलं की सांधायचं राहून जातं. एकेरी छेद तेवढा घातक नसतो. पण प्रत काढणारी यंत्रणा धावत येऊन त्या अडकलेल्या छेदावर आपटते आणि दोन्ही सरी तुटतात. भराभर वाढणाऱ्या पेशीत प्रत काढणं सारखं चालू असतं, म्हणून मार तिला अधिक बसतो.

आता या प्लेटचा खरा नायक. डीएनए ज्या प्रोटीनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांना हिस्टोन म्हणतात आणि त्यांतला एक प्रकार एच२एएक्स. दोन्ही सरी तुटल्या की काही मिनिटांत तुटीच्या दोन्ही बाजूंच्या एच२एएक्सवर, साखळीतल्या १३९ क्रमांकाच्या सेरीनवर, एक फॉस्फेट चढतं. तूट एका जागी असते, पण खूण दोन्ही बाजूंना लाखो अक्षरांपर्यंत पसरते. या खुणेच्या हिस्टोनला गॅमा-एच२एएक्स म्हणतात. विल्यम बॉनर यांच्या गटाने १९९८ साली ती दाखवून दिली. तूट स्वतः मोजणं अवघड, तिची खूण मोजणं सोपं. प्रयोगाचा पहिला चांगला निर्णय हाच: जे मोठं होऊन दिसतं त्याच्यावर नजर ठेवायची.

प्लेट तयार होते ती अशी. तळ सपाट असलेल्या खळग्यांत पेशी वाढवतात. त्या तळाला चिकटून पसरतात. भरगच्च खळग्यात तीस-चाळीस हजार सहज बसतात. मग एकेका रकान्यात चढत्या मात्रेने औषध. ठरलेल्या वेळी औषध काढून फॉर्मलडिहाइड घालतात. पेशी होत्या तिथे, होत्या तशा गोठतात. नंतर ट्रायटन हा साबणासारखा पदार्थ घालून पेशींच्या पडद्यांना भोकं पाडतात, कारण खूण ओळखायला जी अँटिबॉडी घालायची ती भला मोठा रेणू, आपणहून आत शिरत नाही. इथून पुढे सगळं कौशल्य धुण्यात आहे. पिपेटचं टोक खळग्याच्या भिंतीला टेकवायचं आणि पाणी भिंतीवरून ओघळू द्यायचं. थेट तळावर धार सोडली की मधल्या पेशी निघून जातात आणि चित्रात खळग्याच्या मधोमध काळं टक्कल पडतं. जाणत्या माणसाला त्या टकलावरून हात कोणाचा होता तेही सांगता येतं.

धुतलेल्या खळग्यांत पहिली अँटिबॉडी जाते. ती फक्त फॉस्फेट चढलेला एच२एएक्स ओळखते, साध्या एच२एएक्सकडे ढुंकूनही पाहत नाही. तिच्यावर रंग नसतो. दुसरी अँटिबॉडी पहिलीला ओळखते, आणि रंग हिच्या अंगावर. प्रोटीन स्वतः काही बोलत नाही. त्याला धरणाऱ्याला धरणारा बोलतो. साहित्यशास्त्राच्या जुन्या मास्तरांना हे फार रुचलं असतं. नुसत्या अभिधेवर, म्हणजे शब्दाच्या सरळ अर्थावर, त्यांचं कधीच भागत नसे. यात सोय अशी की एका पहिलीवर अनेक दुसऱ्या बसतात, म्हणून आवाज वाढतो. धोका असा की दुसरी चुकून भलत्याच ठिकाणी बसली तरी तीही तितक्याच जोराने बोलते.

दुसऱ्या अँटिबॉडीवरचा रंग साधारण ७८० नॅनोमीटरचा उजेड गिळून ८०० च्या आसपासचा सोडतो. डोळ्याला ७०० च्या पुढे जवळजवळ काही दिसत नाही. सोबत आणखी एक रंग असतो. तो डीएनएला चिकटतो आणि ७०० च्या आसपास बोलतो. त्याचं काम खळग्यात एकूण किती पेशी उरल्या आहेत ते सांगण्याचं. स्कॅनरमध्ये दोन लेझर असतात, एक ६८५ चा आणि एक ७८५ चा. प्लेट काचेवर ठेवायची, नजर तळापर्यंत जावी म्हणून काही मिलिमीटर वर रोखायची आणि खालून वाचायचं.

पण इतक्या दूर, डोळ्यापलीकडच्या पट्ट्यात जायचं कशासाठी? उत्तर कोयनेतच आहे. धरण भरायला लागल्यावर या खोऱ्यात धक्के सुरू झाले, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला आणि इथली जमीन ऐकणं आजही चालू आहे. जमिनीच्या वर ठेवलेल्या भूकंपमापकाला वारा, पाऊस, ट्रक, धबधबा सगळं ऐकू येतं. बारीक धक्का त्यात बुडून जातो. म्हणून शास्त्रज्ञांनी इथे एक ते दीड किलोमीटर खोल भोकं पाडून उपकरणं थेट खडकात नेऊन ठेवली. कोयनानगरजवळच्या रासाटीत साडेनऊशे मीटरच्या आसपास बेसॉल्ट भेदला की खाली ग्रॅनाइट लागतो. तिथे नेलेल्या उपकरणाचा कान काही अधिक तिखट नसतो. भोवतालचा गोंगाट कमी असतो, एवढंच. निकट-अवरक्त पट्ट्यात जाण्याचं कारण हेच. ८०० वर रंग ४०० वरच्यापेक्षा अधिक उजळतो असं मुळीच नाही. उलट या पट्ट्यातले पुष्कळ रंग तेजात कमीच भरतात. पण प्राण्याच्या पेशीतलं जे जे आपोआप उजळतं, ते बहुतेक निळ्या-हिरव्यात उजळतं. प्लॅस्टिकही तिथेच. कॅम्प्टोथेसिनसुद्धा तिथेच. ८०० वर सगळे गप्प बसतात. त्या शांततेत मंद रंगही लख्ख ऐकू येतो.

ही प्लेट आता वाचू.

पडद्यावर ती लाल-हिरव्या ठिपक्यांच्या आठ ओळी आणि बारा रकाने अशी येते. पहिली गोष्ट: हे रंग खोटे आहेत. ७०० ला लाल आणि ८०० ला हिरवा द्यायचा हा नुसता संकेत. प्लेटसमोर उभं राहून कोणी पाहिलं असतं तर काहीच दिसलं नसतं. दोन्ही जिथे सारखे, तिथे पिवळं दिसतं. व्याख्यानांत हे पिवळं फार मिरवतात. मला त्याचं कौतुक नाही, कारण सरकपट्टी जरा ओढली की पिवळ्याचं हिरवं होतं. चित्र कितीही सुंदर केलं तरी आकडे मात्र तेच राहतात, हे यंत्राचं नशीब आणि वाचणाऱ्याचंही.

दुसरं, नजर आधी काळ्या खळग्यांकडे न्यावी. सराईत वाचक तिथूनच सुरुवात करतो. काहींत पेशी आहेत, औषधही आहे, पण पहिली अँटिबॉडी घातलेली नाही, फक्त दुसरी. हे खळगे ८०० वर काळे असले पाहिजेत. ते फिकट हिरवे दिसले, तर दुसरी अँटिबॉडी मोकाट फिरते आहे आणि बाकीच्या हिरव्यातून तेवढं वजा करायला हवं. अशा ओळी प्लेटची जागा खातात, म्हणून घाईतला माणूस त्या गाळतो. त्यांच्याविना उरलेली प्लेट कितीही झगमगली तरी तिचं कौतुक आवडत्या कवीची कविता न वाचता वाहवा करण्यापैकी आहे.

मग औषधाची ओळ. डावीकडे औषध नाही, उजवीकडे मात्रा वाढत जाते. हिरवा डावीकडे मंद असतो. अगदी शून्य नसतो, कारण निरोगी वाढत्या पेशींतही थोडीफार मोडतोड चालू असते. पुढच्या खळग्यांत तो चढत जातो. आणि शेवटच्या एक-दोन खळग्यांत, जिथे मात्रा सर्वांत जास्त, तिथे तो बऱ्याचदा पुन्हा उतरतो.

इथे कच्चा वाचक अडकतो. मात्रा वाढवली आणि तुटी कमी झाल्या? आता त्याच खळग्यांचा लाल पाहा. तोही उतरलेला आहे, आणि हिरव्याहून जोरात. पेशी मेल्या, सुटल्या, धुतल्या गेल्या. उरलेल्या थोड्या पेशींत प्रत्येकी हिरवा भरपूर आहे, पण पेशीच थोड्या म्हणून एकूण कमी दिसतो. हिरव्याला लालाने भागलं की ओळ सरळ होते: दर पेशीमागे खूण वाढतच गेली आहे. या एका भागाकारासाठी दुसरा रंग घातला होता. ८०० चा एकटा आकडा काहीच सांगत नाही, ७०० चा एकटा आकडा फक्त किती मेल्या ते सांगतो, आणि दोघांचं गुणोत्तर औषधाची करणी सांगतं. शिवाय धुताना एखाद्या खळग्यातल्या पेशी गेल्या, तर हिरवा-लाल दोन्ही बरोबरच खाली येतात आणि भागाकार फारसा हलत नाही. हाताचा दोष असा गणितात जिरून जातो. या प्रयोगाचं सौंदर्य मला इथे दिसतं, झगमगाटात नाही.

फ्रान्समधल्या तुलूझमध्ये मार्क ओदबेर यांच्या गटाने नेमकी ही मांडणी रसायनांची विषारीपणाची परीक्षा घेण्यासाठी वापरली. त्यांचा त्यावरचा एक निबंध २०१० सालचा आहे. पेशी माणसाच्या यकृताच्या आणि आतड्याच्या. रसायनं धुरातून, जळक्या अन्नातून येणारी. एकाच प्लेटमधून दोन उत्तरं: डीएनए तुटला का, आणि पेशी किती उरल्या. जे रसायन पेशी मारतं पण डीएनए तोडत नाही, आणि जे मारण्याआधी तोडतं, त्या दोहोंतला फरक कळायला दोन रंगच लागतात.

या पद्धतीला इंग्रजीत ‘इन-सेल वेस्टर्न’ म्हणतात. त्या वेस्टर्नची गोष्ट गमतीची आहे. एडविन सदर्न यांनी १९७५ साली डीएनए ओळखायची पद्धत काढली. ती त्यांच्या आडनावाने सदर्न ब्लॉट झाली. मग आरएनएच्या पद्धतीला कोणीतरी नॉर्दर्न म्हटलं. हॅरी टोबिन आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली बाझलमध्ये प्रोटीनांची पद्धत काढली, आणि नील बर्नेट यांनी १९८१ साली तिला वेस्टर्न हे नाव देऊन टाकलं. दिशांची ही कोटी विज्ञानात कायमची रुतून बसली. आपल्या प्लेटमध्ये मात्र प्रोटीनं वेगळी पाडणारं जेल नाही, ती उतरवून घ्यायचं पटल म्हणजे ब्लॉट नाही, नाव तेवढं उरलं आहे. आणि जेलबरोबर एक हक्कही हातचा गेला आहे. खऱ्या वेस्टर्नमध्ये प्रोटीनं वजनानुसार वेगळी पडतात, त्यामुळे अँटिबॉडी भलत्याला चिकटली तर भलत्या उंचीवर पट्टी दिसते आणि चोरी पकडली जाते. खळग्यात सगळी प्रोटीनं एकाच ठिकाणी. अँटिबॉडी खोटं बोलली तरी ते खऱ्याच्याच रंगात बोलते. म्हणून शहाणी माणसं आधी वेस्टर्न करून अँटिबॉडीचं चारित्र्य पाहतात, मग तिला प्लेटमध्ये घेतात.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. स्कॅनर प्लेट वाचतो तेव्हा एक ठिपका साधारण १६९ मायक्रोमीटरचा असतो. एवढ्या जागेत दोन-चार डझन पेशी बसतात. यंत्राला पेशी दिसत नाही, पेशींचा जमाव दिसतो. आता आठवा, कॅम्प्टोथेसिन घातक ठरतं ते प्रत काढणाऱ्या पेशीत. कुठल्याही क्षणी खळग्यातल्या काही पेशी प्रत काढत असतात, बाकीच्या स्वस्थ असतात. खूण दुप्पट झाली असा आकडा आला, तर प्रत्येक पेशीत दुप्पट झाली, की निम्म्यांत तिप्पट आणि निम्म्यांत जैसे थे? प्लेटला दोन्ही सारखंच. सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक एका नजरेत कळतो: काही केंद्रकांत ठिपक्यांची रास, शेजारच्या केंद्रकात काळोख. सरासरीचा हा दोष मी प्लेटच्या माथी मारणार नाही. तिने तसा दावा केलेलाच नाही. आकडा छापून वर ‘प्रत्येक पेशीत’ असं लिहिणारे मात्र पाहिले आहेत.

लाल रंगाच्या प्रामाणिकपणालाही मर्यादा आहेत. डीएनए मोजून पेशी मोजल्या म्हणताना आपण धरून चालतो की प्रत्येक पेशीत डीएनए सारखाच. औषधाच्या मारामुळे पेशी प्रत काढून झाल्यावर, विभागण्याआधी अडून बसल्या, तर त्यांच्यात डीएनए दुप्पट असतो. तेव्हा लाल एका पेशीला दोन समजतो आणि भागाकार मुळापेक्षा कमी येतो. उलट बाजूने, पेशी मरणाच्या वाटेला लागली की ती स्वतःच आपला डीएनए तुकडे तुकडे करते, आणि त्या तुकड्यांवरही गॅमा-एच२एएक्सची खूण चढते. मग हिरवा औषधाच्या घावाचा की मरणाच्या विधीचा? यावर उपाय वेळेचा. औषध दिल्यावर तासा-दोन तासांत प्लेट गोठवली तर बहुतेक घावच दिसतो, दिवसभराने गोठवली तर दोन्ही मिसळतात. प्लेटखाली वेळ लिहिलेली नसेल तर मी ती बाजूला ठेवतो.

प्रयोगशाळेतल्या बारीक रूढी मला या सगळ्याहून प्रिय आहेत. साध्या वेस्टर्नमध्ये नमुन्याबरोबर ब्रोमोफिनॉल ब्लू घालतात, म्हणजे जेलमधली धाव डोळ्याला दिसते. निकट-अवरक्त चित्रात हा निळा ७०० वर भसकन उजळतो, म्हणून धावरेषा जेलबाहेर जाऊ द्यायची किंवा कापून टाकायची. पटलावर खूण पेन्सिलीने करायची. पुष्कळ पेनांची शाई ७०० वर चमकते, आणि ज्याने निळ्या बॉलपेनने तारीख टाकली त्याच्या चित्रात त्याचं हस्ताक्षर प्रोटीनांपेक्षा जास्त उठून दिसतं. अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून दुधाच्या पावडरीने ब्लॉक करणं ही स्वस्त आणि जुनी पद्धत. पण दुधात गाईच्या अँटिबॉडी असतात. काही दुसऱ्या अँटिबॉडी त्यांच्याकडेही वळतात आणि पार्श्वभूमी गढूळ होते. डोळ्यापलीकडचा पट्टा शांत असतो हे खरं, पण ती शांतता राखावी लागते.

आणि ती सगळीकडे नसतेच. ज्या कंपनीने निकट-अवरक्त स्कॅनर रूढ केले ती लाय-कोर, अमेरिकेतल्या नेब्रास्कामधल्या लिंकन गावची, १९७१ सालची. तिचं पहिलं काम वनस्पतींना मिळणारा उजेड मोजणारी उपकरणं बनवण्याचं होतं. पुढे तीच अशा पट्ट्यात शिरली जिथे पानं स्वतः बोलतात. हिरवं पान सूर्याचा उजेड गिळतं, त्यातला बराचसा वापरतं आणि थोडासा ६८० ते ७४० नॅनोमीटरच्या दरम्यान परत सोडतं. हरितद्रव्याची ही चमक इतकी पक्की असते, की उपग्रहावरूनही ती मोजतात. म्हणजे जी जागा माणसाच्या पेशीसाठी गप्प, तीच कोयनेच्या रानासाठी गजबजलेली.

नरक्याच्या बाबतीत ही नुसती गंमत राहत नाही. लाकडासाठी झाड पाडावं लागतं, मुळांसाठी उपटावं लागतं. पानं खुडली तर झाड उभं राहतं. कॅम्प्टोथेसिन पानांतही असतं, पण बहुतेक झाडांत लाकडा-मुळांपेक्षा कमी. कोणत्या झाडाची पानं घेण्याजोगी, ते चाचपून पाहावंसं वाटणं साहजिक. नुसतं प्रमाण हवं असेल तर द्रव-क्रोमॅटोग्राफी पुरे; तिथे कॅम्प्टोथेसिनची निळी चमकच कामाला येते. पण पानाच्या अर्कात ते एकटं नसतं. तो अख्खा अर्क पेशींत काय करतो, हे विचारायचं असेल तर प्लेटकडे यावं लागतं.

आणि पानाचा अर्क प्लेटवर घातला की हरितद्रव्य पेशींच्या तेलकट पडद्यांत जाऊन बसतं. धुतलं तरी सगळं निघत नाही. ६८५ चा लेझर त्याच्यावर पडतो आणि ते ७०० च्या खिडकीत उजळतं, म्हणजे नेमकं तिथे जिथे आपण पेशी मोजतो. लाल फुगतो. हिरवा भागिले लाल, म्हणून गुणोत्तर घसरतं. डीएनए तोडणारं पान निरुपद्रवी ठरतं, आणि प्लेटवर कुठे काही चुकल्याची खूण नसते. खळगे उलट अधिकच भरलेले, निरोगी दिसतात. यावर उतारे आहेत. अर्काला आधी पेट्रोलियम ईथरने धुवून हरितद्रव्य बरंचसं काढून टाकता येतं. कॅम्प्टोथेसिन त्यात फारसं विरघळत नाही. किंवा पेशींची मोजणी वेगळ्या प्लेटवर, वेगळ्या रीतीने करता येते. काहीही केलं तरी एक ओळ लागतेच: पेशी आहेत, पानाचा अर्क आहे, आणि रंग एकही घातलेला नाही. ती ओळ ७०० वर काळी आली तर पुढचं वाचू. ती ओळच मांडलेली नसेल, तर नरक्याच्या पानांबद्दल ती प्लेट जे काही सांगेल ते मी मानणार नाही.